ऑलिव्हची झाडे: दुष्काळाने वाळली की जीवाणूने?

कातळकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातील एका सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची हापूसची कलमबाग आहे. वडिलांनी ऐन कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, त्यांत खालून आणलेली माती भरली आणि पहिली पाच वर्षे कलमांना मडक्याने पाणी घातले. त्या बागेतील तीन कलमांची शेंड्याकडील पाने यंदा एप्रिलपासून टोकाकडून आणि कडांनी करपू लागली आहेत. आमच्या गड्याचे म्हणणे असे की झाडाला पाणी कमी पडले, आणि ज्या दुकानातून मी औषधे घेतो त्या दुकानदाराने झाड न पाहताच बुरशीनाशकाची बाटली माझ्या हातात ठेवली.

त्याच आठवड्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने इटलीच्या दक्षिण टोकाकडील सालेंतो भागातून काही छायाचित्रे पाठविली. मैलोन्‌मैल ऑलिव्हची झाडे राखाडी पडून उभी होती आणि त्यांच्या शेंड्यांवरचा करपा माझ्या कलमांवरील करप्यासारखाच दिसत होता. तेथे झायलेला फास्टिडिओसा नावाचा जीवाणू शिरला आहे एवढे मला ठाऊक आहे; पण तो भाग कोरडाही आहे आणि अलीकडे त्याला दुष्काळाचे तडाखेही बसले आहेत. ऑलिव्ह हे दुष्काळाला न डगमगणारे झाड मानले जाते. मग त्याला नक्की कोणी मारले? कोरड आणि रोग एकत्र आले तर त्यांची बेरीज होते की गुणाकार? आणि झाडाकडे पाहून त्याची तहान आणि त्याचा आजार वेगळे ओळखता येतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पोफळ

विषय महत्त्वाचा आहे. तूर्तास रुमाल टाकून ठेवतो.

प्रयोगवही

मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवीत असे, आता निवृत्त आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

झाडाच्या खोडातील पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. पानांतून बाष्प बाहेर पडते, त्यामुळे काष्ठातील जलवाहिन्यांत अखंड असलेला पाण्याचा धागा ताणला जातो आणि ती ओढ मुळांपर्यंत पोचते. जमीन जितकी कोरडी, तितकी ही ओढ जास्त. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन-सव्वादोन वातावरणांचा (‘वातावरण’ हे दाबाचे एकक) असतो. तीव्र दुष्काळात ऑलिव्हच्या पानातील ओढ साठ वातावरणांपर्यंत जाते आणि तरीही झाड जिवंत राहते. अनेक फळझाडे त्याच्या कितीतरी अलीकडे मान टाकतात. ऑलिव्हची पर्णरंध्रे फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात, त्यांच्यावर ढालीसारख्या सूक्ष्म खवल्यांचे आच्छादन असते, आणि पेशींत मॅनिटॉल नावाची शर्करा साठवून झाड आपले पाणी धरून ठेवते.

मात्र ओढ फार वाढली की पाण्याच्या धाग्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. आपल्याकडे विहिरीवरील पंपाच्या फूट व्हॉल्व्हमधून हवा शिरली की पंप नुसता घरघरतो आणि पाणी चढत नाही, तसेच हे आहे. निरोगी ऑलिव्ह आपल्या काष्ठात साठविलेल्या पिष्टाची साखर करून अशा रिकाम्या वाहिन्या काही प्रमाणात पुन्हा भरून घेते. दुष्काळात या झाडाला दरवर्षी ही ठेव मोडावी लागते. पाऊस आला की ती ठेव पुन्हा भरली जाते.

झाडात झायलेला याच वाहिन्यांत राहतो, अन्य कोठेही नाही. तो भिंतींना चिकटतो, चिकट थर तयार करतो आणि शेजारच्या वाहिनीत जाण्यासाठी दोन वाहिन्यांमधील छिद्रांवरचा पातळ पडदा आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळवतो. हाच पडदा हवेचा बुडबुडा एका वाहिनीतून दुसरीत जाऊ देत नसतो. भरीस भर म्हणजे झाड स्वतःच घाबरून वाहिन्यांत डिंक सोडते आणि शेजारच्या पेशी वाहिनीत फुग्यासारख्या वाढून तिला बूच मारतात. जीवाणूला कोंडण्यासाठी केलेली ही नाकेबंदी झाडाचेच पाणी तोडते.

म्हणून माझे उत्तर गुणाकार असे आहे. दुष्काळ ओढ वाढवतो. जीवाणू ती ओढ सोसण्याची यंत्रणा पोखरतो. जी ओढ निरोगी झाडाने सहज पेलली असती, तीच रोगट झाडाला जीवघेणी ठरते.

मालवणी_मसाला

थोडक्यात, ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ अशी झाडाची अवस्था होते.

प्रयोगवही

मसाला, इतक्या नेमक्या शब्दांत मला वर्गात कधी सांगता आले नाही. जमिनीत ओल असते, पण पानाच्या दृष्टीने दुष्काळच असतो.

दर्यावर्दी

दादाने माझीच छायाचित्रे वर टाकली आहेत, म्हणून लिहितो. आमचे जहाज तारांतो बंदरात दुरुस्तीसाठी थांबले होते आणि दोन दिवसांची रजा मिळाली, तेव्हा आम्ही तिघे जण गाडी करून गालिपोलीपर्यंत गेलो. २०१३ साली ऑलिव्हवर हा जीवाणू प्रथम सापडला तो त्याच गालिपोलीच्या परिसरात. वाटेत काही खोडे अशी दिसली की तीन माणसांच्या कवेत मावणार नाहीत. पिळे पडलेली, मध्ये पोकळ झालेली, आणि वर एकही हिरवे पान नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी होमात उरलेले जळके ओंडके मैदानभर उभे करून ठेवावेत, तसे ते दृश्य होते. तळाशी मात्र काही खोडांना फुटवे आले होते. गाडी चालविणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत सांगितले की हे फुटवेही वर्ष-दोन वर्षांत करपतात.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, जी माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्याच्या एका बाजूला सारी बाग मेलेली होती आणि दुसऱ्या बाजूला, बांधाला बांध लावून, हिरवी बाग उभी होती. मी विचारले, “यांना पाणी दिले आहे का?” ते म्हणाले, “नाही, ही लेच्चिनो आहे.” लेच्चिनो हे ऑलिव्हच्या एका जातीचे नाव आहे हे मला मागाहून समजले.

जांभादगड

सर्वांच्या मताचा आदर राखून मी विरोधी बाजू मांडतो. आमच्याकडे कोणतेही झाड मेले की त्याला एखादे लॅटिन नाव चिकटवून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. तणनाशकांनी माती मेलेली, सेंद्रिय द्रव्य नाही, छाटणी वर्षानुवर्षे नाही आणि त्यात दुष्काळ. अशा स्थितीत झाड मरण्यासाठी जीवाणूची गरजच काय? मृत झाडावर गिधाड बसलेले दिसले म्हणून गिधाडाने झाड मारले असे म्हणता येत नाही. इटलीतील अनेक शेतकऱ्यांचेही हेच म्हणणे होते, असे माझ्या वाचनात आहे.

प्रयोगवही

जांभादगड यांचा आक्षेप रास्त आहे आणि इटलीत तो नुसता चर्चेत राहिला नाही. तेथे झाडे तोडण्यास इतका विरोध झाला की डिसेंबर २०१५ मध्ये सालेंतोतील लेच्चे शहराच्या सरकारी वकिलांनी तोड थांबविली आणि चक्क रोगाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचीच चौकशी सुरू केली. २०१९ साली ते प्रकरण पुराव्याअभावी बंद झाले, पण मधल्या काळात रोग उत्तरेकडे सरकत राहिला.

आक्षेपाचे उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिले काचगृहात: रोपांना उत्तम माती, वेळेवर पाणी आणि केवळ हा जीवाणू टोचला असता वर्ष-दीड वर्षाने तोच करपा आणि तीच फांदीमर दिसली. २०१७ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. दुसरे उत्तर दर्यावर्दींनी रस्त्यावर उभे राहून पाहिले आहे. माती तीच, पाऊस तोच, तणनाशकही बहुधा तेच, पण चेल्लिना दि नार्दो आणि ओल्यारोला या जुन्या स्थानिक जाती मेल्या आणि लेच्चिनो उभी राहिली. दुष्काळानेच मारले असते तर त्याने जात विचारली नसती.

जांभादगड

दुष्काळही जात विचारतो, सर. रायवळ आंबा ज्या कोरडीत तगतो तीत कलम मान टाकते.

प्रयोगवही

मान्य; माझे ते वाक्य घाईचे होते, ते मागे घेतो. किंबहुना आपल्या मुद्द्यात या प्रश्नाचा गाभाच आहे. लेच्चिनोमध्ये जीवाणूंची संख्या इतर जातींच्या मानाने सुमारे शंभरपट कमी आढळते, हे तर आहेच. पण तिच्या जलवाहिन्यांमध्ये मुळातच हवेचे बुडबुडे कमी शिरतात आणि शिरलेच तर त्या वाहिन्या पुन्हा भरून घेण्याची तिची क्षमता चेल्लिनापेक्षा अधिक आहे, असेही दिसून आले आहे. म्हणजे ज्या गुणामुळे एखादी जात कोरड सोसते, तोच गुण रोगातही तिच्या कामी येतो. झाडाच्या नळांची रचनाच दोन्ही परीक्षांत गुण मिळवून देते. काचगृहातील पुरावा मात्र मी मागे घेत नाही. तेथे दुष्काळ नव्हता.

सुरंगी

माझा अनुभव ऑलिव्हचा नाही, वांग्याचा आहे. पण तो येथे उपयोगी पडेल असे वाटते. लांज्याजवळच्या आमच्या परड्यात तीन वर्षांपूर्वी मी वांगी आणि टोमॅटो लावले होते. ऑगस्टमध्ये पाऊस उघडला आणि दोन दिवस कडक ऊन पडले, तेव्हा भर दुपारी एक झाड कोमेजले. पान पिवळे नाही, डाग नाही, हिरवेगारच मलूल पडले. संध्याकाळी ते थोडे सावरले, म्हणून मला वाटले की उन्हाने तहान लागली असेल. मी घागरीने पाणी घातले. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारची दोन कोमेजली. मी त्यांनाही पाणी घातले. आठ दिवसांत सबंध ओळ झोपली. पाणी माझ्या वाफ्यांतून खालच्या अंगाला वाहत होते आणि मर त्याच दिशेने सरकत होती, हे मला ओळ संपल्यावर कळले.

माझ्या मामांनी नंतर एक साधी परीक्षा दाखविली. कोमेजलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा वीतभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे टोक बुडवून उभा धरायचा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढुरका धागा पाण्यात उतरू लागला. मामा म्हणाले, “पोरी, हे झाड तहानेने मेले नाही, याचे नळ तुंबले आहेत.” हा रालस्टोनिया नावाचा जीवाणू आहे असे मला पुढे कळले. आता मी त्या वाफ्यात वांगे लावीत नाही आणि दुसरीकडे अर्का केशव, अर्का नीलकंठ अशा मर सोसणाऱ्या जातीच लावते.

कातळकडा यांना एवढेच सांगते की पाणी वाढविण्याआधी फांदी कापून आत पाहा.

वाफा_वरंबा

सुरंगीताई, परीक्षा उत्तम आहे. हीच परीक्षा ऑलिव्हच्या किंवा आंब्याच्या फांदीवर करता येईल का? प्रयोगवही सरांनी सांगावे.

प्रयोगवही

झायलेलासाठी तिचा भरवसा धरता येत नाही. रालस्टोनिया प्रचंड संख्येने वाढतो आणि कापल्याबरोबर बाहेर सांडतो. झायलेला संथ आहे, भिंतीला चिकटून राहतो, आणि प्रयोगशाळेतील ताटलीवरही इतक्या कुरकुरत वाढतो की त्याच्या नावातील ‘फास्टिडिओसा’ या शब्दाचा अर्थच ‘चोखंदळ’ असा आहे. त्याच्या खात्रीसाठी पानांचे देठ प्रयोगशाळेत नेऊन जनुकीय चाचणीच करावी लागते.

सुरंगीताईंच्या अनुभवातील एक गोष्ट मात्र अधोरेखित केली पाहिजे. रालस्टोनियाला ओली, उबदार जमीन मानवते. त्यामुळे तिथे कोरड ही रोगाची साथीदार नाही. दुष्काळ प्रत्येक जीवाणूला सारखीच मदत करतो असे समजू नये.

पोफळ

रुमाल टाकला होता, आता येऊन बसलो. माझे सासरे हृदयरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखविला तेव्हा ते म्हणाले, “धमन्या तुंबलेल्या माणसाला जिना चढायला लावला की छातीत कळ येते, जिना नसता तर त्याला आपण आजारी आहोत हे कळलेही नसते. दुष्काळ म्हणजे जिना.” ऑलिव्हला स्टेंट बसवून देण्याची त्यांची तयारी आहे, फक्त झाडाने उपाशीपोटी यावे.

आजोळ_वेंगुर्ले

पोफळ, सासऱ्यांना साष्टांग नमस्कार कळवावा.

एक गोष्ट विचारावीशी वाटते. हा जीवाणू एका झाडातून दुसऱ्यात जातो कसा? हवेतून, पाण्यातून की कोयतीच्या पात्यावरून?

प्रयोगवही

मुख्यतः कीटकातून. सालेंतोमध्ये हे काम फिलिनस स्पुमारिअस नावाचा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा कीटक करतो. त्याची पिल्ले वसंतात गवतावर थुंकीसारखा फेस करून त्यात बसतात. आपल्याकडेही पावसाळ्यात गवताच्या काड्यांवर तसा फेस दिसतो, तो याच्याच गोतातील कीटकांचा. प्रौढ झाल्यावर तो गवत वाळू लागले की ऑलिव्हवर चढतो आणि थेट जलवाहिनीत सोंड खुपसतो. पिल्लाला जीवाणू मिळाला तरी कात टाकताना तो निघून जातो. प्रौढाला मिळाला तर कीटक मरेपर्यंत त्याच्यात राहतो. म्हणूनच तेथे मार्च-एप्रिलमध्ये, पिल्ले फेसात असतानाच, बागेतील गवत नांगरून काढणे सक्तीचे केले गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर बेणणीची वेळ साधली की अर्धी लढाई झाली.

येथे दुष्काळाचा एक उलटा परिणामही संभवतो. ज्या झाडातील पाणी फार ओढीखाली आहे, त्यातून रस चोखणे कीटकालाही जड जाते. हा कीटक दहा वातावरणांहून अधिक ओढीविरुद्ध चोखू शकतो, पण ऑलिव्हची ओढ त्याच्या कितीतरी पलीकडे जाते. तेव्हा अगदी कोरडे झाड नव्या लागणीपासून काहीसे वाचेल, आणि आधीच लागण झालेले झाड त्याच कोरडीत लवकर मरेल. ‘दुष्काळाने रोग वाढतो’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे; लागण आधी झाली की कोरड आधी पडली, हे विचारावे लागते.

मस्कत_मुक्काम

मी मूळचा गुहागरचा, बावीस वर्षे ओमानमध्ये आहे. येथील बातिना किनाऱ्यावर आंब्याच्या बागा होत्या. १९९८ च्या सुमारास त्या अचानक वाळू लागल्या. एक फांदी वाळते, साल फुटून डिंक वाहतो आणि मग सहा महिन्यांत सारे झाड उभ्या उभ्या वाळते, पण वाळलेली पाने गळत नाहीत, तशीच लोंबत राहतात. जुने लोक प्रथम म्हणाले की विहिरींना खारे पाणी आले, पाऊस नाही, म्हणून झाडे गेली. तपासात मात्र सिराटोसिस्टिस ही बुरशी आणि ती वाहून नेणारा सालीखालचा बारीक भुंगेरा सापडला. जीवाणू नसून बुरशी असली तरी तीही पाण्याच्या वाहिन्याच बंद करते. कातळकडा यांनी ऑलिव्हकडे पाहण्याआधी आंब्याच्याच या रोगाकडे पाहावे. बुंध्यावर डिंकाचे ओघळ आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे आहेत का?

भाट्ये_खाडी

प्रश्न बाळबोध वाटेल, पण कोकणात ऑलिव्ह होईल का? आमच्या एका नातेवाइकांनी रोपवाटिकेतून कुंडीतले झाड आणले आहे आणि पुढील वर्षापासून घरचे तेल वापरण्याचा त्यांचा मानस आहे.

वाफा_वरंबा

तेलासाठी त्यांनी नारळच लावावा. ऑलिव्हला फूल येण्यासाठी हिवाळ्यात थंडी लागते आणि रत्नागिरीत जानेवारीतही अंगावर चादर पुरते. राजस्थानने २००७-०८ पासून इस्रायलच्या मदतीने ऑलिव्ह लावले आणि बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे २०१४ साली तेलाचा कारखानाही सुरू केला. पण तेथे वाळवंटी हिवाळा आहे. आपल्याकडे झाड वाढेल, पाने देईल आणि तीन हजार मिलिमीटर पावसात मुळे कुजवून घेईल.

आजोळ_वेंगुर्ले

अगदीच परके समजू नका. ऑलिव्हचा एक सख्खा नातलग, पारजांब म्हणजे ओलिया डायोइका, आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत उभाच आहे. काही ठिकाणी त्याला करंब म्हणतात. आणि मोगरा, जाई, पारिजातक हे सारे त्याच कुळातील आहेत. म्हणजे इटलीतील त्या वाळलेल्या झाडांची भावंडे आपल्या अंगणात आहेत.

त्यावरून मुख्य प्रश्नाकडे येते. सालेंतोमध्ये वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यांचा कोरडा काळ तीन-चार महिन्यांचा. आपल्याकडे त्याच्या पाचपट पाऊस पडतो आणि नोव्हेंबरपासून जूनपर्यंत जवळजवळ एक थेंब नाही. जांभा दगड तर चाळणीसारखा, पावसाचे पाणी आठवडाभरही धरीत नाही. सड्यावरील कलम दरवर्षी ऑलिव्हपेक्षा लांब दुष्काळ काढते, हे आपल्या लक्षातच येत नाही, कारण त्या कोरडीवरच तर मोहोर येतो. अशा झाडांच्या नळांत काही शिरले तर काय होईल?

जांभादगड

हा मुद्दा मला पटला आणि त्याने झोपही उडविली. हापूस ही सारी कलमेच. एकाच झाडाच्या हजारो नकला. सालेंतोत दोन जातींच्या बागा पसरल्या होत्या आणि त्या दोन्ही कच्च्या निघाल्या. शेतकरी संघटनांचा तेथील अंदाज दोन कोटी दहा लाख झाडे बाधित झाल्याचा आहे. आमच्या आजोबांच्या काळी बांधावर बिटकी, रायवळ, पायरी असे दहा प्रकार असत. ते आम्ही तोडून हापूस लावला, कारण पेटीला भाव त्यालाच.

वाफा_वरंबा

तेथील लोकांनी आता कलमाचाच आधार घेतला आहे, हे कोकणी माणसाला आवडेल. शेकडो वर्षांच्या जुन्या खोडांवर लेच्चिनोची आणि एफएस-१७ ऊर्फ फावोलोझा या जातीची कलमे बांधून पाहत आहेत. खोड जुने आणि शेंडा नवा. मात्र खोड अजूनही रोगाला बळी पडणाऱ्या जातीचेच असते, त्यामुळे ही कलमे किती वर्षे तगतील हे काळच ठरवील.

सुरंगी

बाधित झाडाला पाणी द्यावे की नाही, याचे उत्तर अजून आलेले नाही. माझे तर पाण्यानेच वाटोळे झाले होते.

प्रयोगवही

सुरंगीताई, तुमच्या वांग्यात पाण्याने रोग वाहून नेला. झायलेला मातीतून जात नाही, त्यामुळे बाधित ऑलिव्हला पाणी दिल्याने शेजारच्या झाडाचे त्या वाटेने नुकसान होत नाही. पाणी दिले तर ओढ कमी होते, उरलेल्या मोकळ्या वाहिन्यांवरचा भार हलका होतो आणि झाड काही काळ बरे दिसते. जीवाणू मात्र तिथेच असतो. जस्त, तांबे आणि सायट्रिक आम्ल यांच्या फवाऱ्यांनी लक्षणे कमी झाल्याचे काही इटालियन संशोधकांनी नोंदविले आहे, पण त्यानेही जीवाणू झाडातून जात नाही. बरे दिसणारे बाधित झाड कीटकासाठी मात्र अधिक रसाळ असते, ही त्यातील मेख आहे. म्हणूनच युरोपीय संघाचे नियम बाधित झाडाभोवतीच्या पट्ट्यातील आश्रय देणारी झाडे तोडायला सांगतात. पूर्वी हा पट्टा शंभर मीटर त्रिज्येचा होता, २०२० पासून तो पन्नास मीटरचा आहे.

तहान आणि आजार नजरेने वेगळे कसे ओळखावे, हेही धागाकर्त्यांनी विचारले होते. कॅलिफोर्नियात हाच जीवाणू द्राक्षवेलींना मारतो, तेथे तुलना झालेली आहे. नुसत्या कोरडीत पाने साधारणपणे खालच्या, जुन्या भागापासून आणि सगळ्या वेलीवर सारखी पिवळी पडतात व गळतात. रोगात मात्र करपा तुकड्यातुकड्यांनी येतो, एक फांदी जळते आणि शेजारची टवटवीत राहते, पान गळाले तरी देठ काडीसारखा वेलीला चिकटून राहतो. झाडाच्या एकाच अंगाचे दुखणे दिसले की पाण्यावर संशय घेण्याआधी त्या फांदीचा नळ तपासावा. मात्र बांडगूळ, खोडकिडा आणि बुरशी यांनीही एकच फांदी जळते, हे विसरू नये.

कातळकडा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सकाळी गड्याला आणि शिडी घेऊन तिन्ही कलमे नीट पाहिली; जे दिसले ते लिहितो.

पहिल्या कलमाची फक्त दक्षिणेकडील मोठी फांदी करपली आहे. खालून दिसत नव्हते, पण वर चढल्यावर त्या फांदीवर बांडगुळाचे तीन झुबके सापडले. बांडगूळ हिरवेगार आणि त्याच्या पुढची फांदी मरतुकडी. सरांनी सांगितलेली ओढ आठवली. हे तर नळाला परस्पर जोडणी घेतलेले भाडेकरू. फांदी बांडगुळाच्या हातभर खालून कापली आणि कापावर बोर्डो मलम लावले.

दुसऱ्या कलमाच्या बुंध्यापासून कमरेएवढ्या उंचीवर भुसा पडलेला होता. खोडकिड्याचे भोक बोटाएवढे, म्हणजे मस्कत_मुक्काम म्हणतात ती सुईच्या टोकाएवढी छिद्रे ही नव्हेत. डिंक होता, पण त्या भोकाभोवतीच. तारेने ओढून दोन अळ्या काढल्या.

तिसऱ्या कलमाला काहीही नाही. किडा नाही, बांडगूळ नाही, डिंक नाही आणि करपा सगळ्या बाजूंनी सारखा आहे. आईला विचारले तेव्हा तिने सांगितले की त्या खड्ड्याला सुरुंग नीट लागला नव्हता आणि वडिलांनी कंटाळून तेथे दोन हातच खोल माती भरली होती. म्हणजे गड्याचे म्हणणे तिघांपैकी एका झाडाबाबत खरे निघाले, आणि तो ते मला दिवसातून चार वेळा ऐकवीत आहे.

मस्कत_मुक्काम

भोक बोटाएवढे असेल तर माझी भीती तूर्त बाजूला ठेवा. तरीही दुसऱ्या कलमाच्या डिंकाखालची थोडी साल खरवडून पाहा. आतले लाकूड तपकिरी-काळे पडलेले असेल तर दापोलीला कृषी विद्यापीठात नमुना पाठवा.

दर्यावर्दी

दादा, त्या तिसऱ्या कलमाजवळ लहानपणी आपण नेहमी खेळत असू, कारण त्याचीच सावली सर्वांत विरळ होती. तेव्हाच कळायला हवे होते.

कातळकडा (धागाकर्ता)

साल खरवडली, लाकूड पांढरे आहे. तिसऱ्या कलमाच्या भोवती आजपासून चार मडकी पुरली आहेत आणि पालापाचोळ्याचे जाड आच्छादन केले आहे. पावसाळ्यानंतर पालवी कशी येते ते याच धाग्यावर कळवीन. दुकानदाराने दिलेली बुरशीनाशकाची बाटली न उघडताच पडून आहे. तो ती परत घेईल का, हे विचारायला संध्याकाळी बाजारात जाणार आहे.

मालवणी_मसाला

घेणार नाही.